तेल कुठवर नेतं

गाडी अ‍ॅव्हरेज किती देते, हा प्रश्न हल्ली लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. समोरचा काहीतरी आकडा ठोकून देतो, विचारणारा मान डोलावतो, आणि दोघंही समाधानानं भात कालवायला लागतात. मला तिथं गप्प बसवत नाही. मी विचारतो, कोणत्या तेलावर? चढावर का उतारावर? गाडी भरलेली होती का रिकामी? मग मंडळी एकमेकांकडं बघतात, म्हातारा कामातून गेला म्हणून. जाऊ द्या. हे प्रश्न माझे नाहीतच. ज्यांचे होते त्यांनी ते धाराशिवात निजामाच्या अमलात विचारले, डिझेलवर चालणारी लॉरी अख्ख्या जिल्ह्यात एखाददुसरीच होती तेव्हा.

त्यांना सगळे अप्पा म्हणत. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात मोठ्या खिशांचा सदरा, आणि त्या सदऱ्याला बारा महिने तेलाचा वास. मूळचे नळदुर्गाच्या पलीकडचे. घरात कानडी बोलायचे, बाजारात मराठी, कचेरीत उर्दू, आणि चिडले की तिन्ही एकदम. मी गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये कारकून होतो. आमच्या कापसाच्या गाठी अप्पांच्या लॉरीतून सोलापूरला जायच्या, म्हणून रोजचा संबंध. लॉरी ते स्वतः हाकायचे. दुसऱ्याच्या हाती त्यांनी ती कधी दिली नाही.

लढाईच्या वर्षांत पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा त्यांनी आधीच्या गाडीला कोळशाची भट्टी बसवून घेतली होती. तशा गाड्या तेव्हा बऱ्याच होत्या. पण बाकीचे कोळसा ओतायचे आणि गाडी हाकायचे. अप्पा आधी कोळशाचा खडा दगडावर वाजवून बघायचे. कोळसेवाल्यानं बाभळीच्या पोत्यात कडुलिंबाचा मिसळला की त्याची काही धडगत नसायची. बाभळीवर गाडी तुळजापूर गाठते, लिंबावर वडगावातच बसकण मारते, असं ते भर बाजारात त्याला ऐकवायचे. कोळसेवाला म्हणायचा, अहो, काळा तो कोळसा. अप्पांना त्या वाक्याचा मनस्वी संताप यायचा.

लढाई संपल्यावर त्यांनी पुण्याच्या लिलावातून डिझेलची लॉरी आणली आणि मग तर त्यांना ऊतच आला. सोलापुरात तेव्हा दोनतीन ठिकाणी तेल मिळायचं. कुणाचं अगदी पाण्यासारखं पातळ, कुणाचं मधासारखं पिवळं. लोकांच्या लेखी सगळं एकच, डिझेल. अप्पा बोट बुडवायचे, ओघळ कसा उतरतो ते बघायचे, वास घ्यायचे, आणि कधीकधी चक्क जिभेला लावायचे. मग शिवशिव करत थुंकायचे.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण कोणतं तेल गाडीला कुठवर नेतं, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असायचं. त्यासाठी ते टाकी पार कोरडी करायचे, एकाच जातीचं डबाभर तेल घालायचे, गाठी भरायचे, आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत सोलापूरच्या वाटेनं हाकत राहायचे. बंद पडली की खाली उतरून त्या जागी चुन्यानं रंगवलेला दगड रोवायचे. मग त्या तेलाला त्या जागेचंच नाव. हे सांगवीचं तेल, हे माळुंब्र्याचं तेल, हे तामलवाडीचं. दुकानदाराचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. सोबत दुसरा डबा असायचाच, पण टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते, आणि ती काढल्याशिवाय इंजिन धरत नाही. त्यात तास जायचा. गाठींवर बसून आलेली माणसं उन्हात तडतडायची.

एकदा गाठींवर लग्नाचं वऱ्हाड बसलं होतं. नवरदेवाचा मामा खाली उतरून अप्पांच्या अंगावरच धावला, मुहूर्त टळतोय म्हणून. अप्पा चुन्याचा ब्रश हातात धरून उभे, तोंडावर कोण आनंद! ते मामाला शांतपणे सांगायला लागले, की मागच्या महिन्यातलं तेल अलीकडच्या ओढ्याशीच मेलं होतं, आणि हे बघा कुठवर आलं. मामानं कपाळावर हात मारला. मुहूर्त टळला नाही, पण त्या घराण्यानं पुढं अप्पांच्या गाडीत पाय ठेवला नाही.

या खुळातून एक गोष्ट मात्र त्यांना खरीच सापडली होती. सगळे म्हणायचे, तेल जितकं पातळ तितकं चांगलं. अप्पांचे दगड उलटं सांगत होते. पाण्यासारखं पातळ तेल चटकन पेटायचं आणि चटकन सरायचं. थंडीत दुकानदार तेल गोठू नये म्हणून त्यात रॉकेल घालायचे, तेव्हा तर गाडी आणखीच अलीकडं थांबायची. पिवळं, जरा अंगानं जड तेल मात्र तामलवाडीच्या करोडगिरी नाक्यापर्यंत न्यायचं. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. तिथं आपली हद्द संपायची आणि पुढं इंग्रजांची लागायची. जड तेलात जोर असतो, हे त्यांचं मत तिथून पक्कं झालं, आणि तेच त्यांना नडलं.

आमच्या जिनिंगचं इंजिन सांभाळायला एक चाचा होते. आडनाव कुणाला ठाऊक नव्हतं, सगळे चाचाच म्हणायचे. त्यांचं इंजिन काळं, जाड तेल पिऊन चालायचं, आणि त्यावरून या दोघांचं रोज वाजायचं. अप्पा त्या तेलाला डांबर म्हणायचे. चाचा म्हणायचे, तुमची लॉरी नाजूक बेगम आहे, माझं इंजिन म्हैस आहे. मग दोघं इंजिनघराच्या पायरीवर बसून एकाच पुडीतली तंबाखू मळायचे. अप्पांना चाचांच्या हातचा चहा चालायचा नाही, आणि चाचा तो मुद्दाम रोज विचारायचे. मी हे बघत हिशेब लिहायचो. त्या दोघांचं भांडण बंद पडलं असतं तर मला करमलं नसतं.

अप्पांना एकच मुलगी, नागू. सोलापूरला दिलेली. शांत मुलगी, बापाच्या पुढ्यात तर आवाजच नाही. अप्पांचा एक नेम होता, गाडीत घरचं माणूस शेवटी बसणार. भाडं देणाऱ्याला जागा देऊन उरली तर बायकोला, मुलीला. माहेराला येताजाता नागू कायम मागच्या फळीला टेकून बसलेली असायची. अप्पांना या नेमाचा अभिमान होता आणि गावालाही त्याचं कौतुक होतं. मीही केलेलं आहे.

मग ते वर्ष उजाडलं. निजामाचं आणि हिंदुस्थान सरकारचं फिसकटलं, सरहद्दीवरून तेल येणं बंद झालं. खेड्यापाड्यांतून नाही नाही त्या बातम्या यायला लागल्या. ज्याचे सगेसोयरे सोलापूर-बार्शीकडं होते तो बायकामुलं तिकडं धाडायला लागला. बसगाड्या बंद. जिनिंगचे मालक आधीच निघून गेलेले, मी आणि चाचा राखणीला. नाक्यावर अजून बायकामुलांना सोडत होते, उद्याचं कुणी सांगत नव्हतं.

नागू तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. सुईणीनं पोट चाचपून बघितलं आणि अप्पांच्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, की मूल आडवं आहे, हे माझ्या हातचं काम नाही, पोरीला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या. गावातला डॉक्टर कुटुंबासकट निघून गेला होता. तेव्हा नागूला सोलापूरला पोचवणं, एवढं एकच अप्पांच्या डोक्यात होतं. लॉरी दारात उभी होती आणि टाकीत पिवळ्या तेलाचा थेंब नव्हता.

चाचा आपण होऊन म्हणाले, माझं काळं तेल घ्या. इंजिन बंदच होतं, पिंपं पडून होती. अप्पांनी ते रॉकेल घालून पातळ केलं, सदऱ्याच्या कापडातून गाळलं, आणि पोरीला बसवण्याआधी उरलेल्या चार गाठी घेऊन एक खेप करून बघितली. ते तेल त्यांना तामलवाडीच्या दगडाच्याही पुढं घेऊन गेलं! परतीला सोलापूरच्या ओळखीच्या दुकानदारानं चोरून थोडं पिवळं दिलं, त्यावर तुळजापूरचा घाट चढून आले. आल्या आल्या ते आमच्याकडं आले आणि चाचांना म्हणाले, तुमचं डांबर लई गुणाचं निघालं. आता आहे तेवढ्या तेलात दोन खेपा होतील. पहिल्या खेपेत गल्लीतली बायका-पोरं, दुसऱ्या खेपेत घरचं माणूस.

चाचांनी तंबाखू मळायची थांबवली.

"अप्पा, उतरते बखत ये तेल तुमकू हँसाएगा," ते म्हणाले. "चढते बखत की बात मेरेकू नक्को पूछो. धुआँ पीके बैठ जाएगी तुम्हारी बेगम."

अप्पा हसले. तुमचं इंजिन जन्मात जागचं हललं नाही, त्याला घाट काय ठावं, असं काहीतरी म्हणाले. त्यांचा हिशेब साधा होता. जाताना गाडी भरलेली पण वाट उताराची, येताना वाट चढाची पण गाडी रिकामी, म्हणून तेल दोन्हीकडं सारखं. पिवळ्या तेलाच्या बाबतीत ते खरंच होतं, त्यांनी शंभरदा बघितलं होतं. काळ्या तेलावर मात्र ते घाट एकदाही चढले नव्हते. त्यांचे सगळे दगड उताराच्या वाटेवर रोवलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भरली. माझी बायको आणि तान्हा मुलगा त्यात होते, मी दुसऱ्या खेपेला जाणार होतो. अप्पा गाठी जोखाव्यात तशी माणसं जोखत होते, हिला पुढं बसवा, ते बोचकं काढा. नागूही निरोप द्यायला आली होती. माझ्या बायकोनं तिचं पोट बघितलं, सरकून जागा केली आणि म्हणाली, ये गं, इथं बस, मावशील. नागूनं एक पाय फळीवर ठेवलाही.

"न्हाई," अप्पा म्हणाले. "वजन बराबर झालंय. आता शेरभर चढलं तर परतीला तेल पुरायचं न्हाई. घरचं माणूस दुसऱ्या खेपंला."

नागूनं पाय मागं घेतला. अप्पांचा तेलाचा हिशेब कधी चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, आणि आम्हाला त्यात मोठेपणाही दिसला. आपली लेक मागं ठेवून दुसऱ्याची बायका-पोरं पुढं नेणारा माणूस!

गाडी सुखरूप सोलापूरला पोचली. माझी बायको पुढं सांगायची, की वाटेत अप्पा गाणं म्हणत होते. सोलापुरात या खेपेला दुकानदारानं हात जोडले, आता एक थेंब देता येत नाही म्हणाला. अप्पांना त्याची फिकीर नव्हती. टाकीत तेल होतं, ते तसेच परत फिरले. तामलवाडी आली, माळुंब्रा आलं, सिंदफळ मागं पडलं, आणि घाटाला लागल्यावर लॉरीनं काळा धूर सोडायला सुरुवात केली. चढावर ते जाड तेल धड जळेना. जोर मिळेना म्हणून अप्पा पाय दाबत गेले, आणि जळलं नाही ते धुरात गेलं. तुळजापूर वर दिसत होतं. पहिलं मोठं वळण घेतलं आणि टाकी कोरडी पडली.

इकडं आम्ही वाट बघतोय. दुपार झाली, गाडी नाही. नागूला कळा सुरू झाल्या होत्या, आणि सुईण नुसती येरझाऱ्या घालत होती. अप्पांची बायको दारात जाऊन रस्त्याकडं बघायची, आत यायची, पुन्हा जायची. शेवटी चाचा कुणाला न विचारता जिनिंगची बैलगाडी जुंपून घेऊन आले. गाडीत कडबा, त्यावर गोधड्या. म्हणाले, लॉरी वाटेत भेटेलच, तेवढा रस्ता तरी कापू. नागूला गाडीत घातलं, आई आणि सुईण तिच्याजवळ, चाचा बैलांपाशी, मी चाकाशेजारून चालत.

लॉरी वडगावला भेटली नाही, वडगावच्या पुढं भेटली नाही. चाचा बैलांना मारत नव्हते, पण सारखे त्यांच्याशी बोलत होते, चलो मेरे राजा, चलो. मागून नागूचं कण्हणं ऐकू येत होतं. ओरडली ती फारशी नाही. ओरडली असती तर आम्हाला बरं वाटलं असतं.

तुळजापूरच्या अलीकडं एका चिंचेखाली सुईणीनं गाडी थांबवायला लावली. आम्ही दोघं पुरुष पाठ करून बांधावर उभे राहिलो. चाचांचे ओठ हलत होते, ते काय म्हणत होते मी विचारलं नाही. बराच वेळ गेला. मग नागूच्या आईचा हुंदका ऐकू आला, आणि मुलाचा आवाज काही आला नाही.

ऊन उतरत असताना समोरून एक माणूस येताना दिसला. डोईचा रुमाल हातात, चालीत दम नाही. अप्पाच ते. तुळजापुरात दारोदार फिरून गाडी मागितली होती, कुणाचे बैल शेतावर, कुणाची तयारी नाही. मग तसेच पायी निघालेले. त्यांनी बैलगाडी बघितली, आम्हाला बघितलं, आणि रस्त्याच्या मधोमध मटकन खाली बसले. चाचांनी त्यांना काखेत हात घालून उठवलं. अप्पा त्यांच्या हाताला हिसडा देऊन म्हणाले, तुमच्या तेलानं घात केला.

नागू वाचली. महिनाभर अंथरुणाला खिळून होती. पण पुढं तिची कूस उजवली नाही. नवरा भला, त्यानं दुसरं लग्न केलं नाही, पण सासूनं तिला आयुष्यभर ऐकवलं.

पावसाळा सरता सरता राज्य बदललं. रस्ते उघडले, बायकापोरं परत आली, माझीही आली. सोलापूरहून पिवळं तेल पुन्हा यायला लागलं. अप्पांनी लॉरी घाटातून आणली, पण तेलाला बोट लावणं सोडलं. मिळेल ते घालायचे. आणि जो भेटेल त्याला एकच गोष्ट सांगायचे, की जिनिंगच्या तेलात गाळ होता, पाणी होतं, त्या तेलानं माझ्या नातवाचा जीव घेतला. पारावर सांगायचे, मठात सांगायचे, आणि चाचा समोर असले तरी सांगायचे. मला अतिशय राग यायचा. एकदा मी चाचांना म्हटलं, तुम्ही उलटून का बोलत नाही? तुम्ही आधीच बजावलं होतं. चाचा म्हणाले, "जाने दो. उसकू पकड़ने कू कुछ तो होना ना." जिनिंग पुन्हा सुरू झालं होतं. चाचा रोज त्याच पायरीवर तंबाखू मळायचे, आणि अप्पा गाठी भरायला आले की पलीकडं तोंड करून उभे राहायचे.

असं बरीच वर्षं चाललं. एका उन्हाळ्यात नागू माहेरी आली होती. अप्पांनी लॉरी तोवर विकलेली, गुडघे गेलेले, ओसरीवर बाज टाकून पडून असायचे. मी भेटायला निघालो तर वाटेत चाचा भेटले, तेही म्हणाले येतो. इतक्या वर्षांत ते त्या घराची पायरी चढले नव्हते. आम्ही गेलो तेव्हा लातूरकडचा एक लॉरीवाला अप्पांकडं बसला होता. नवीन गाडी घेतलेली, कोणतं तेल घालावं ते विचारायला आला होता. अप्पांनी आम्हाला बघितलं, चाचांना बघितलं, आणि नेहमीची गोष्ट सुरू केली. बाबा रे, तेल कसलंही घाल, पण जिनिंगचं घालू नगंस.

नागू उंबऱ्याशी बसून सुपात ज्वारी निवडत होती. तिनं वर बघितलं नाही.

"अप्पा, गाडीत जागा होती," ती म्हणाली. "काकूनी सरकून दिली होती. म्या पाय ठेवला होता. त्याच तेलावर गाडी सोलापूरला गेली की."

आवाजात राग नव्हता. ज्वारीतला खडा काढावा तसं बोलली आणि पुन्हा निवडायला लागली. लॉरीवाल्याला काही कळलं नाही. अप्पांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला.

मला वाटलं, आता अप्पा चिडतील. तिन्ही भाषांत एकदम बोलायला लागतील.

"व्हय," ते म्हणाले. "जागा होती."

मग कुशीवर वळून त्यांनी पहिल्यांदा चाचांकडं नीट बघितलं.

"चाचा, तुमचं तेल चांगलं होतं."

चाचांनी मान हलवली. खांबाला टेकून ते हळूहळू खाली बसले, आणि नागूला म्हणाले, बेटी, थोडं पाणी दे.